निघून गेली तर?

‘हे तर निसर्गातच आहे.’ सभेत, शिबिरात, पोलीस ठाण्याच्या बाकावर, कुटुंब न्यायालयाच्या व्हरांड्यात हे वाक्य ऐकलं नाही अशी कार्यकर्ती शोधून सापडायची नाही. नर आक्रमक असतो, मादी सांभाळून घेते, मोठा मासा लहान माशाला गिळतो, मग माणसानंच काय पाप केलंय? बोलणारा जरा शिकलेला असला की पुढे जोडतो, ‘आता तर हे गणितानंही सिद्ध झालंय.’ आणि ‘गेम थिअरी’ हा शब्द टाकतो. गणित म्हटलं की आपल्यातल्या निम्म्या जणी गप्प बसतात. (शाळेत गणिताच्या तासाला मुलींना कुठे आणि कसं बसवलं जायचं, त्याचा हिशेब कधीतरी वेगळा मांडायला हवा.)

याच्या उलट टोकालाही आपल्याच मैत्रिणी आहेत. त्या म्हणतात, निसर्गात सगळीकडे सहकार्यच आहे. झाडं, बुरशी, मधमाशा, फुलं सगळी एकमेकांना धरून राहतात. स्पर्धा हा पुरुषांच्या डोळ्यांवरचा चष्मा. ऐकायला छान वाटतं. पण ‘धरून राहणं’ हा शब्द आपण इतक्या घरांत इतक्या वाईट अर्थानं ऐकलेला आहे की तो झाडांच्या बाबतीतही मला तपासल्याशिवाय घ्यावासा वाटत नाही.

माझं म्हणणं असं, की हे गणित नीट वाचलं तर ते दोघांपैकी कोणाचीच वकिली करत नाही. ते एक साधा प्रश्न विचारतं: हा व्यवहार मोडला तर कोणाचं काय होईल? आपल्या समुपदेशन केंद्रांत ‘समझोता’ नावाची जी गोष्ट रोज घडते, तिच्यासाठी हा प्रश्न फार कामाचा आहे. म्हणून हा लेख.

थोडा इतिहास सांगायला हवा, कारण या विद्येचा जन्म काही फार सोज्वळ घरात झाला नाही. १९४४ साली फॉन नॉयमन आणि मॉर्गेनस्टर्न यांचं जाडजूड पुस्तक आलं, ते अर्थव्यवहारासाठी. लगेचच अमेरिकेतल्या रँड या संस्थेत, अणुयुद्धाच्या छायेत, हेच गणित डावपेचांसाठी वापरलं जाऊ लागलं. दोन कैद्यांचा पेच म्हणून जो प्रसिद्ध आहे, तो तिथलाच, १९५०चा. दोघं गप्प राहिले तर दोघांचं भलं, पण प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्याला आधी विकावं. पुढे रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी हा खेळ संगणकावर पुन्हा पुन्हा खेळवून स्पर्धा घेतल्या, तेव्हा दोन्ही वेळा जिंकला तो सर्वांत छोटा डाव: आधी विश्वास ठेव, मग समोरचा जसा वागेल तसं वाग. तो पाठवणारे ॲनातोल रॅपोपोर्ट हे व्हिएतनाम युद्धाच्या विरोधातले कार्यकर्ते होते, हे आवर्जून सांगावंसं वाटतं.

प्राण्यांकडे हे गणित वळलं १९७३ साली, जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉर्ज प्राइस यांच्या लेखापासून. (मेनार्ड स्मिथ हे जे. बी. एस. हाल्डेन यांचे विद्यार्थी. १९५७ साली भारतात येऊन इथलेच झालेले, आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारलेले ते हाल्डेन.) प्रश्न असा होता, की शिंगं-नखं असून प्राणी बहुतेक भांडणं जीव न घेता का मिटवतात? उत्तर पुढे ससाणा आणि कबूतर या नावानं गाजलं. समजा एका भाकरीवरून दोघांची गाठ पडली. ससाणा मरेपर्यंत लढणारा, कबूतर फक्त फुशारकी मारून मागे फिरणारं. जखमेचा खर्च भाकरीच्या दुप्पट असेल तर हिशेबानं निम्मे ससाणे, निम्मी कबूतरं अशी घडी बसते. जखम स्वस्त झाली की ससाणे वाढतात. म्हणजे आक्रमकपणा हा कोणाच्या रक्तात असलेला गुण म्हणून इथे येतच नाही. मारणाऱ्याला मारण्याची किंमत किती मोजावी लागते यावर तो ठरतो. आपल्याला हे सांगायला गणित लागत नव्हतं, पण गणितही तेच सांगतं हे बरं झालं.

आता तक्त्याबद्दल. गेम थिअरीत प्रत्येकाच्या प्रत्येक चालीला किती मिळेल याचा एक तक्ता मांडावा लागतो. उत्तर त्या आकड्यांतून येतं, आणि आकडे कोणीतरी माणूसच भरतो. १९७६ साली रिचर्ड डॉकिन्स यांनी आपल्या गाजलेल्या पुस्तकात नर-मादीचा असा एक तक्ता दिला. पिल्लू वाढलं तर १५ गुण, वाढवायचा खर्च २०, प्रणयाराधनात गेलेल्या वेळेचे ३. माद्या दोन प्रकारच्या, लाजऱ्या आणि उतावळ्या. नरही दोन प्रकारचे, निष्ठावान आणि भटके. उत्तर आलं, सहांतल्या पाच माद्या लाजऱ्या आणि आठांतले पाच नर निष्ठावान. हे आकडे आपल्या मनाचे आहेत असं त्यांनी स्वतःच म्हटलं होतं. तरी ‘लाजरी मादी’ पुस्तकाबाहेर पडून जगभर फिरली, आकडे मात्र पुस्तकातच राहिले. त्या तक्त्यात मादीला पिल्लू टाकून निघून जाण्याची चालच नव्हती. नराला होती. मग दुसरं कोणतं उत्तर येणार होतं? (१९८१ साली शुस्टर आणि सिग्मुंड या दोघांनी दाखवून दिलं, की त्या तक्त्यात घडी अशी बसतच नाही, प्रमाणं गोल गोल फिरत राहतात. ही दुरुस्ती मात्र कोणी चवीनं सांगत नाही.)

तेव्हा तक्ता हाती आला की आधी बघायचं, कोणाला कोणती चाल दिलेलीच नाही. हे ध्यानात ठेवून मी तुम्हाला एका माशाकडे नेते.

प्रवाळाच्या समुद्रात, तांबड्या समुद्रापासून आपल्या लक्षद्वीपपर्यंत आणि पुढे ऑस्ट्रेलियाच्या मोठ्या प्रवाळरांगेपर्यंत, बोटभर लांबीचा, अंगावर काळा पट्टा असलेला एक मासा असतो. तो इतर जातींच्या माशांची सफाई करतो. ठरलेल्या जागी दुकान मांडून बसतो म्हणा ना. गिऱ्हाईक मासे येतात, कल्ले उघडून उभे राहतात, आणि हा त्यांच्या अंगावरचे परजीवी किडे खातो. दिवसाला दोन हजारांवर भेटी होतात. दोन जातींच्या सहकार्याचं उदाहरण म्हणून हा मासा कित्येक पुस्तकांत आहे. गिऱ्हाइकाची सफाई होते, याला जेवण मिळतं, सगळं गोडीगुलाबीचं.

पण अलेक्झांड्रा ग्रटर आणि रेदुआन बशारी यांनी २००३ साली दाखवलं, की या माशाला खरं तर किडे आवडतच नाहीत. त्याला आवडतो गिऱ्हाइकाच्या अंगावरचा बुळबुळीत थर. तो थर खाणं म्हणजे गिऱ्हाइकाचा लचका तोडणं. म्हणजे प्रत्येक भेटीत त्याच्यापुढे दोन चाली असतात, प्रामाणिकपणे किडे खा किंवा चावा घे. आणि तो कोणाला चावतो, कोणाला नाही, हे बघण्यासारखं आहे. गिऱ्हाईक शिकारी मासा असेल, याला गिळू शकणारा, तर हा चावत नाही. गिऱ्हाईक लांब फिरणारं असेल, ज्याच्या वाटेत सफाईची दोन-तीन दुकानं येतात, तर त्याला आधी सेवा मिळते, ताटकळत ठेवलं जात नाही, कारण ते सरळ दुसरीकडे जातं. आणि ज्या छोट्या माशाचं सगळं आयुष्य त्या एकाच खडकापाशी जातं, ज्याला दुसरं दुकान नाही, तो थांबतो. त्याचा नंबर नंतर लागतो. चावलं तर त्याच्या हाती एकच उपाय उरतो, सफाईवाल्याच्या मागे लागून त्याला पळवणं. तोही उपाय अगदीच फुकट जात नाही. असं पळवल्यावर पुढच्या खेपेला सफाईवाला जरा बरा वागतो. पण त्या लहानग्याला दर खेपेला हे करावं लागतं आणि त्याची ताकद त्यात जाते.

मासा तोच, काम तेच. बदललं काय, तर समोरच्याला निघून जाता येतं की नाही.

रोनाल्ड नोए आणि पीटर हॅमरस्टाइन यांनी १९९४ साली याला ‘जैविक बाजार’ असं नाव दिलं. मला ते नाव फारसं आवडत नाही. बाजार म्हटलं की सगळे आपखुशीनं आलेत असं वाटतं, आणि खडकापाशी अडकलेला मासा आपखुशीनं आलेला नाही. पण त्यांचा मुद्दा पक्का आहे. सहकार्यातला वाटा स्वभावावर ठरत नाही, पर्यायांवर ठरतो. झाडांतही हेच दिसतं. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र झाडाला देतात आणि झाड त्यांना साखर देतं, हे आपल्याकडे पेरणीआधी बियाण्याला रायझोबियम चोळणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. टोबी किअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली काही गाठींभोवतीची हवा अशी बदलली की जिवाणूंना नत्र देताच येईना. झाडानं त्या गाठींचा प्राणवायू कमी केला आणि तिथले जिवाणू जवळपास निम्म्यावर आले. झाडाजवळ दुसऱ्या गाठी होत्या म्हणून हे परवडलं. जिवाणूला मात्र दुसरं झाड नव्हतं.

परत माशाकडे येते, कारण पुढची गोष्ट आपल्या जास्त जवळची आहे. हे सफाई मासे कधी कधी जोडीनं काम करतात, एक नर आणि एक मादी. मोठ्या गिऱ्हाइकाला दोघं मिळून साफ करतात. एकानं चावा घेतला की गिऱ्हाईक पळतं आणि नुकसान दोघांचं होतं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की जोडीत काम चांगलं होतं, आणि ते मुख्यतः मादी जास्त प्रामाणिक वागते म्हणून. का वागते? निकोला रायहानी, ग्रटर आणि बशारी यांनी २०१० साली त्याचं उत्तर दिलं. प्रयोगात गिऱ्हाइकाच्या जागी एक पाटी ठेवली, तिच्यावर साधं खाणं आणि आवडतं कोळंबीचं खाणं. कोळंबीला तोंड लावलं की पाटी काढून घ्यायची. मादीनं कोळंबी खाल्ली की नर तिच्या अंगावर धावून जायचा. त्यानंतर ती कमी खायची. २०१२ साली आणखी एक गोष्ट पुढे आली. मादी आकारानं नराच्या जवळ पोचलेली असली तर शिक्षा जास्त कडक. कारण या जातीत एका नराभोवती अनेक माद्या असतात, आणि नर गेला की सर्वांत मोठी मादी स्वतःच नर होते. मोठी होत चाललेली मादी म्हणजे उद्याचा प्रतिस्पर्धी.

हे ऐकून कोणीतरी नक्की म्हणेल, ‘बघा, माशांतसुद्धा नर मादीला वळण लावतो.’ अशा वेळी गप्प बसू नये. विचारावं, त्या जोडीत नर चावला तर त्याला कोण शिक्षा करतं? उत्तर आहे, गिऱ्हाईक पळून जातं तेवढीच. मादी त्याच्या अंगावर धावत नाही, कारण तो मोठा आहे. त्यातून नर अधिक नीतिमान ठरत नाही. मारण्याची किंमत त्याला पडत नाही, तिला पडली असती, एवढंच. आणि ती मोठी होऊ लागली की मार वाढतो, हे ज्यांना घरात ओळखीचं वाटेल अशा बायका आपल्या प्रत्येक केंद्रात येतात. तरीही माशावरून माणसाचा न्याय काढायचा नाही, हे मी त्या गृहस्थांना सांगेन तसंच आपल्यालाही सांगेन. माशाकडून आपल्याला हवा आहे तो फक्त प्रश्न.

तो प्रश्न माणसांच्या घरात अर्थशास्त्रज्ञांनी आधीच नेलेला आहे. कुटुंब म्हणजे एकदिलानं चालणारी एक पेटी, ही जुनी कल्पना १९८०च्या सुमारास मोडायला लागली. अमर्त्य सेन यांनी १९९० साली घराला ‘सहकारी संघर्ष’ म्हटलं. एकत्र राहण्यात दोघांचा फायदा आहे, पण तो फायदा वाटायचा कसा यावर भांडण आहे, आणि वाटणी ठरते ती बोलणी फिसकटली तर कोण कुठे जाऊन पडेल यावरून. बीना अगरवाल यांनी १९९४च्या आपल्या पुस्तकात हे जमिनीशी जोडलं. पुढे प्रदीप पांडा आणि अगरवाल यांनी केरळात तिरुअनंतपुरम जिल्ह्यात विवाहित स्त्रियांची पाहणी केली, ती २००५ साली प्रसिद्ध झाली. ज्यांच्या नावावर ना घर ना जमीन, त्यांच्यात शंभरातल्या ४९ जणींनी नवऱ्याकडून दीर्घकाळ मार सोसलेला. ज्यांच्या नावावर दोन्ही, त्यांच्यात ७. दुसरी दारं उघडी असली की सफाईवाला जसा चावत नाही, तसंच काहीसं इथे दिसतं. यातल्या बऱ्याच जणींना घर सोडावंही लागलं नसेल. सोडता येतं एवढं दोघांना ठाऊक असणं पुरलं.

आपल्या महाराष्ट्रात हे आधीच कळलेलं होतं. १९८६ साली चांदवडला हजारो शेतकरी बाया जमल्या, पुढे शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीत बायकोच्या नावे जमीन करून देण्याचा कार्यक्रम निघाला. १९९४ साली राज्याच्या दुरुस्तीनं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क दिला, देशात तो २००५ साली आला. कायदा झाला आणि बहिणींच्या हक्कसोडपत्रावर सह्याही चालू राहिल्या. भाऊ दुरावला तर माहेर तुटेल, म्हणजे निघून जायची जी एक जागा तीच जाईल, म्हणून जमिनीवर पाणी सोडायचं. एक दार बंद होऊ नये म्हणून दुसरं आपल्या हातानं बंद करायचं. याला कोणी भोळेपणा म्हणू नये. तिच्यापुढच्या तक्त्यात आकडेच तसे भरलेले आहेत.

आणखी एक गोष्ट, कारण ती मला सुनेच्या बाबतीत फार पटते. २००३ साली कार्ल बर्गस्ट्रॉम आणि मायकेल लाखमन यांनी दोन जातींच्या सहकार्याचा हिशेब मांडला आणि सगळ्यांना बुचकळ्यात टाकलं. स्पर्धेत जी जात वेगानं बदलते ती टिकते, असं सगळे धरून चालले होते. पण सहकार्यात बरेचदा उलटं होतं. जी जात हळू बदलते, जवळपास झोपलेलीच असते, तिच्याशी दुसरी भराभर जुळवून घेते, लहान वाट्यावर समाधान मानते, कारण काहीच न मिळण्यापेक्षा ते बरं. झोपलेल्याला मोठा वाटा मिळतो. ॲलिसच्या गोष्टीतल्या झोपाळू राजावरून त्यांनी याला ‘लाल राजा’ म्हटलं. पुढे जस्टिन ब्रूनर आणि केलिन ओ’कॉनर यांनी तेच गणित माणसांच्या गटांना लावलं. लहान गटातल्या माणसाची मोठ्या गटाशी रोज गाठ पडते, मोठ्या गटातल्या माणसाची लहान गटाशी क्वचित. म्हणून लहान गट लवकर शिकतो, लवकर जुळवून घेतो, आणि लहान वाटा घेतो. कोणाच्या मनात पाप असावं लागत नाही. (आकडे बदलले तर उलटही होतं, हे ते सांगतात.)

आता लग्न होऊन आलेली मुलगी बघा. ती एकटी, घर दहा जणांचं. तिची गाठ रोज सगळ्यांशी. त्यांची तिच्याशी प्रत्येकाची थोडी थोडी. ती चार महिन्यांत शिकते, कोणाला चहा कसा लागतो, कोणापुढे काय बोलायचं नाही. घर चाळीस वर्षांत काही शिकत नाही. मग आपणच म्हणतो, ‘बाया मुळातच समजूतदार.’ ग्रामपंचायतीत एकट्या निवडून आलेल्या बाईचंही तेच होतं. दुसरी, तिसरी आल्यावर ती बदलते, तिचा स्वभाव बदलला म्हणून नव्हे.

मैत्रिणी विचारतील, मग सगळं निघून जाण्यावरच आलं का? जिला जायला जागा नाही तिनं काय करायचं? त्या खडकापाशी आणखी एक गोष्ट चालते. बाजूला दुसरी गिऱ्हाइकं बघत असली की सफाई मासा कमी चावतो, हे २००६ आणि २०११च्या प्रयोगांत दिसलेलं आहे. दारापुढे थाळ्या वाजवत नेलेल्या मोर्च्यांचा अनुभव असलेल्यांना याचं आश्चर्य वाटणार नाही. पण बशारी यांनी २००२ साली हेही नोंदवलं, की काही लबाड मासे लहान गिऱ्हाइकाला चारचौघांत हळुवार कुरवाळतात आणि ते पाहून जवळ आलेल्या मोठ्याला चावतात. तेव्हा केंद्रात येऊन बायकोला ‘अगं’ऐवजी ‘अहो’ म्हणणाऱ्या नवऱ्याची नोंद जरा जपून करावी.

आता समझोत्याकडे येते. कितीतरी केंद्रांच्या वार्षिक अहवालात समझोता झालेली प्रकरणं यशाच्या खात्यात जातात. जोडपं परत नांदायला लागलं, सहकार्य झालं, फाइल बंद. पण खडकापाशी थांबलेला मासाही रांगेत उभा असतो, आणि दुरून बघणाऱ्याला ते सहकार्यच दिसतं. माझी सूचना अशी, की आपल्या नोंदवहीत समझोत्याच्या शेजारी एक रकाना वाढवावा: ‘निघून गेली तर’. त्यात लिहायचं, सातबाऱ्यावर किंवा घराच्या उताऱ्यावर तिचं नाव आहे का. बँकेत फक्त तिच्या नावाचं खातं आहे का आणि पासबुक कोणाजवळ असतं. माहेरी किती रात्री राहता येईल. रात्री दार वाजवलं तर उघडतील अशी शेजारची दोन घरं कोणती. २००५च्या कायद्यानं राहत्या घरात राहण्याचा हक्क तिला आहे हे तिला आणि घरच्यांना सांगितलं का. समझोता होण्याआधी एकदा भरायचा आणि सहा महिन्यांनी पुन्हा. दोन्ही वेळा रकाना रिकामाच असेल तर ते प्रकरण यशात धरायचं नाही, फाइलही बंद करायची नाही. पहिल्याच भेटीत भरायची घाई करू नये, ती खरं सांगणार नाही. आणि नवरा समोर बसलेला असताना तर मुळीच नाही. त्याला बाहेर चहाला पाठवावं.